समई वाढव

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. शाळेतला कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, मुलं सतरंज्या गुंडाळत होती. समईजवळ नववीतला एक मुलगा उभा होता. त्याला म्हटलं, "समई वाढव रे." त्यानं बाटलीतलं तेल ओतलं आणि पाचही वाती पुढे सारल्या. ज्योती मोठ्या झाल्या. मुलं फिदीफिदी हसली, त्याचा चेहरा उतरला.

उत्तर प्रदेशातून आलेलं कुटुंब, मराठी तो शाळेतच शिकला. ते हसणं मला फार लागलं. याच वर्गाला आठवड्यापूर्वी मी शब्दशक्ती शिकवली होती: अभिधेनं वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ; लक्षणेनं लक्ष्यार्थ, म्हणजे सरळ अर्थ सोडून घेतलेला जवळचा अर्थ; व्यंजनेनं व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ.

दुसऱ्या दिवशी तास तिथूनच सुरू केला. लक्षणा कधी मानायची? आधी मुख्यार्थाला बाध यायला हवा, म्हणजे सरळ अर्थ जुळेनासा व्हायला हवा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तलं उदाहरण घ्या, 'गंगेवर गवळीवाडा'. प्रवाहावर घरं उभी राहत नाहीत, म्हणून अर्थ काठाकडे सरकतो. पण 'समई वाढव'मध्ये बाध कुठे आहे? तेल घालून ज्योत खरंच वाढते! इथे 'विझव' हा उलटा अर्थ देते ती निव्वळ रूढी. विझणं, फुटणं हे शब्द अशुभ, म्हणून आपण दिवा वाढवतो, नारळ वाढवतो, फुटलेली बांगडीसुद्धा 'वाढली' म्हणतो. हे व्याकरणाच्या पुस्तकातून येत नाही, आजीच्या तोंडून येतं. तो चुकला नव्हता.

एक मुलगी उठली. "पण बाई, कार्यक्रम संपला होता ना? मग तेल कशाला घालायचं?" रास्त प्रश्न. प्रसंगसुद्धा अर्थ ठरवतो, हे मी सांगायचंच विसरले होते.

"मला वाटलं, रात्रभर तेवत ठेवायचीय," मुलगा हळूच म्हणाला. मग थोडं थांबून, "बाई, आमचे पप्पा रात्री म्हणतात, 'दुकान बढ़ा दो.' मी रोज शटर ओढतो. तेच का हे?"

तेच! वर्ग एकदम शांत झाला. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हा वाक्प्रचार मी फक्त आपला समजत होते.

मधल्या सुट्टीत हिंदीच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी लगेच रहीमचा दोहा म्हणून दाखवला. दिवा आणि कुळातला कपूत, म्हणजे कुपुत्र, दोघांची गत एकच: 'बारे उजियारो लगे, बढ़े अँधेरो होय.' 'बारे' म्हणजे लहानपणी, आणि पेटवल्यावरही; 'बढ़े' म्हणजे मोठा झाल्यावर, आणि विझल्यावरही.

शेवटच्या तासाला ती ओळ फळ्यावर लिहिली, आणि वर्गाला समजावून सांगायला त्यालाच पुढे बोलावलं.