सोलापुरी जेवणाच्या पंगतीत रीसलिंग

आपल्याकडे ताट एकदमच वाढले जाते, आणि भाकरी, चटणी, रस्सा, गोड असे सारे एकत्र समोर असताना कोणती वाइन द्यावी हे ठरवता येत नाही. म्हणून घरी वाइनसह जेवण ठेवते तेव्हा मी पदार्थ एकामागून एक वाढते आणि प्रत्येक पदार्थाचा तिखटपणा आधी पाहते. मद्यार्क जास्त असला की मिरचीची आग वाढते आणि तांबड्या वाइनचा तुरटपणा तिखटासोबत कडवट लागतो; उलट थोडी साखर आणि भरपूर आंबटपणा असला की जीभ सावरते.

हिवाळ्यात सुरुवात हुरड्याने करावी. कोवळ्या ज्वारीच्या हिरव्या गोडव्याला ऑस्ट्रियातील वाखाऊ प्रदेशाची ग्रुनर वेल्टलिनर ही पांढरी वाइन, तिच्यातल्या पांढऱ्या मिऱ्याच्या झाकेमुळे, फार शोभते. मात्र सोबत शेंगाचटणी आली की ही कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन कमी पडते. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, लसूण आणि लाल तिखटाने भरलेली ती चटणी कडक भाकरीवर घेतली, की जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या स्लेट दगडाच्या उतारांवरची गोडसर रीसलिंग कॅबिनेटच (रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची हलकी वाइन) हवी. तिच्यात मद्यार्क बहुधा ८ ते ९ टक्केच असतो आणि तिचा आंबटपणा तेलाचा थर धुऊन काढतो.

मटणाच्या रश्श्यासाठी त्याहून भरदार, रीसलिंगचीच स्पेटलेझ घ्यावी, पण बाटलीवरचे लेबल नीट वाचूनच. कॅबिनेट, स्पेटलेझ, आउसलेझ हे जर्मन वाइनचे चढते दर्जे तोडणीच्या वेळी द्राक्षरसात किती साखर होती त्यावरून ठरतात, तयार वाइनच्या गोडीवरून नव्हे. त्यामुळे ‘ट्रोकन’ लिहिलेली स्पेटलेझ कोरडीच निघते आणि रश्श्याचा झणका शमवत नाही. तांबडीच हवी असेल तर सुक्या मटणासोबत, किंचित गार केलेली झ्वाइगेल्ट चालते. 1922 मध्ये संकरातून तयार झालेल्या या ऑस्ट्रियन जातीत तुरटपणा बेताचा असतो. सोलापूरच्या हवेत पेल्यातली वाइन लवकर तापते, म्हणून थोडी थोडीच ओतावी.

शेवटी तूप सोडलेली शेंगापोळी. वाइन पदार्थापेक्षा गोड नसेल तर ती नुसती आंबट लागते, आणि गुळापुढे आउसलेझसुद्धा अनेकदा फिकी पडते. येथे ऑस्ट्रियातील नॉयझीडल सरोवराकाठची, आउसलेझच्याही वरच्या दर्जाची बीरेनाउसलेझच मी निवडते; तळ्यावरच्या धुक्यात बुरशी धरून आटलेल्या द्राक्षांची ती मधासारखी दाट गोडी गुळाला पुरून उरते, आणि तिच्यातला आंबटपणा तुपाला जड होऊ देत नाही.