कौल लावण्याआधी टेप लावा

देवराईबद्दल, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलाबद्दल, बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो: हवामानबदलासाठी झाडं वाचवायची तर विज्ञान सांगा, देवाला मध्ये कशाला आणता? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून लिहितो.

देव आधीपासून तिथेच आहे. राईत कोयता चालवायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, ही शिस्त सातेरी, वाघजाई या ग्रामदेवींच्या धाकाने आणि मायेने टिकली. १९७०च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्या उभ्या होत्या त्या याच शिस्तीवर.

काटकीचा नियम किती शहाणा आहे ते पाचोळा बाजूला सारून बघा. वर कोरडी पानं, खाली पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली ओली पानं, त्याखाली काळी भुसभुशीत माती. कार्बन तिथे मुरतोय. स्वच्छता मोहिमेत हा थर खराट्याने झाडला की जमीन उघडी पडते आणि पहिल्याच जोराच्या पावसात माती वाहून जाते.

खरा घात देवळाच्या जीर्णोद्धारात होतो. सभामंडपासाठी झाडं तुटतात, वाचलेल्यांच्या बुंध्याला सिमेंटचा पार बसतो. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-एक मीटर मातीत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यांची हवा आणि पाणी तुटलं की काही वर्षांनी शेंडा वाळतो आणि दोष किडीवर जातो. काँक्रीट फांद्यांच्या घेराबाहेरच थांबवा.

"एक तोडू, दहा लावू" या बोलण्यावर मोजायची टेप हाच उपाय. जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर मोजा, ३.१४ने भागा, व्यास मिळतो. व्यास १०० सेंमी, उंची २५ मीटर, लाकडाची घनता ०.६ ग्रॅम प्रति घन सेंमी असेल, तर उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी वापरतात त्या सूत्राने जमिनीवरचं कोरडं वजन साधारण ७.६ टन येतं. त्यातला ४७ टक्के कार्बन, त्याला ३.६७ने गुणलं की सुमारे १३ टन कार्बन डायऑक्साइड. दहा सेंमी व्यासाचं, आठ मीटर उंच झाड त्याच सूत्राने जेमतेम २८ किलो भरतं. म्हणजे एवढ्या एका जुन्या बेहड्याच्या बदल्यात अशी पावणेतीनशे झाडं, तीही रोपं नव्हेत, वाढलेली.

देवराया वाचल्या म्हणून कोळसा-पेट्रोलचा धूर कमी होणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पण शतकानुशतकं साठलेलं आहे ते तरी हवेत जाऊ नये.

लागवड करायचीच तर राईच्या पोटात नको, कडेला करा. बी त्याच राईतलं घ्या. जांभळाचं बी आठवड्याभरात पेरा, वाळलं की रुजत नाही. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गुलमोहर आणू नका. वणवा अडवायला जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, राईबाहेर, गवत पेटण्याच्या दिवसांआधी काढा.

आणि मोजमाप गावबैठकीत कौलाआधी ठेवा. गुरवाने कौल लावला, म्हणजे देवाला हो-नाही विचारलं, आणि उजवा, म्हणजे होकार, मिळाला की पुढे कोणी बोलत नाही, बोलूही नये. म्हणून मानकऱ्यांसमोर आधी झाडाझाडाचा घेर लिहिलेला कागद हवा. तो वाचला की गाऱ्हाण्यातला प्रश्नच बदलू शकतो: "मंडप बांधू का?" ऐवजी "मंडप राईबाहेरच्या कातळावर बांधला तर चालेल का?"