गूगलचं आम्हाला कशाला कळायला हवं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. साइट तुम्ही केलीत, पैसे आम्ही दिले, आता गूगल कसं चालतं ते आम्ही कशाला शिकायचं, हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो आणि दर वेळी मावशीची साइट आठवते.

मावशी कोथरूडला दिवाळीचा फराळ करून विकते. साइट मीच केली, फुकटात, त्यामुळे बिचारीला धड तक्रारही करता येईना. गणपतीत चालू केली, दसरा आला तरी गूगलवर पत्ता नाही. तेवढ्यात तिला कुणाचा तरी फोन, पंधरा हजार द्या, पहिल्या नंबरवर आणतो. ती द्यायला निघालीच होती.

मी सर्चमध्ये इंग्रजीत साइट लिहून कोलन दिला आणि त्याला चिकटून तिच्या साइटचा पत्ता टाकला. एक पान नाही! म्हणजे नंबर राहिला लांब, गूगलच्या वहीत तिचं नावच नव्हतं. कारण अस्मादिकच. साइट ज्यात केली त्या वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये अशी एक टिक असते, काम अर्धवट असताना कुणाला दिसू नये म्हणून मी ती केलेली आणि काढायला साफ विसरलो.

तर एवढंच कळायला हवं. आधी गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, लिंका धरत धरत पानापर्यंत येतो, मग पान वाचून इंडेक्समध्ये, म्हणजे त्या वहीत, ठेवायचं की नाही ते ठरतं, आणि कुणी काही शोधलं की त्या इंडेक्समधून निवडून क्रम लागतो. आपलं घोडं यातल्या कुठल्या पायरीवर अडलंय ते माहीत नसेल तर पंधरा हजार नेमके कशाचे देताय? आणि जाहिरातीची जागा विकत मिळते, खालचा साधा क्रम गूगल पैसे घेऊन बदलत नाही. (पन्नास कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, पानाच्या कोडमध्ये घालून देतो म्हणणारेही भेटतात, तो कीवर्ड टॅग आम्ही बघत नाही हे गूगलने 2009 मध्येच सांगून टाकलंय.)

टिक काढली, काही दिवसांनी पानं दिसायला लागली, तरी चकली शोधली की मावशी गायब. बघतो तर पानभर 'पारंपरिक चवीचा वारसा', चकली हा शब्दच नाही, तो होता दरपत्रकाच्या फोटोत. महत्त्वाचा मजकूर फोटोत अडकवू नका असं गूगल स्वतःच सांगतं. म्हटलं डीटीपीवाल्याच्या फाइलमधून कॉपी करू, तर ती जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनना कळणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली, पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. तो फॉन्ट लावला तर आपल्याला डोळ्यांना मराठी दिसतं, मशीनला तो चिवडाच. शेवटी मावशीनेच मोबाइलवर सगळं परत टाइप केलं, भाजणीची चकली, अनारसे, कडबोळी, पुढे किलोचा भाव.

आता ती फोनवर ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला विचारते, काय टाइप केलंत हो? आणि वहीत लिहून ठेवते. परवा म्हणाली, "अरे, निम्मे लोक नुसती भाजणी मिळेल का विचारतात, तिचं वेगळं पान कर की." अजून केलं नाहीये.