महालक्ष्मीतून उतरून थेट प्रार्थनेला

सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत उभे राहिलो की आमचं लक्ष फाटकाकडे असायचं. संगीताचे सर आले का? आदल्या रात्री पुण्यात कुणाच्या तरी गाण्याला ते साथीला बसलेले असायचे. महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटे मिरजेत यायची आणि सर स्टेशनवरून घरी न जाता थेट शाळेत. खांद्याला तबल्याची पिशवी, डोळे तारवटलेले. पण पेटी पुढ्यात ओढली की त्यांच्या चेहऱ्यावर जागरण दिसत नसे. मी १९८४ ते १९८८ या शाळेत होतो. मैफलीपायी सरांनी आमचा तास बुडवल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा वाटायचं, एवढे मोठे तबलजी, पगारासाठी शाळेत येतात. ते तसं नव्हतं, हे मी स्वतः तबल्यावर पोट भरायला लागल्यावर उमगलं.

सरांनी आम्हाला पहिले सहा महिने तीनतालाचा नुसता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, वाजवायला लावला. कायदा नाही, तुकडा नाही, पुढची कुठलीच रचना नाही. १६ मात्रा, आणि लय इतकी संथ की दोन बोलांच्या मध्ये जीव कासावीस व्हायचा. नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. पुढे डग्ग्याची घुमार थांबते. तिथे सर हात वर करून विचारायचे, “खाली ऐकू आली का रे?” आली म्हटलं तरी, “पुन्हा वाजव.”

पुढे विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात ख्यालगायनाच्या साथीला बसायची वेळ आली, तेव्हा त्या ‘पुन्हा’चा अर्थ लागला. तिथे बोटांची तयारी कुणी बघत नाही. १२ मात्रांचं एकेक आवर्तन सावकाश सरकतं, गायक सुरांत बुडालेला असतो, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना ठेका त्याला जिथल्या तिथे सापडावा लागतो. सरांचा ठेका हलत नाही, असं गाणारे म्हणायचे. तो न हलणारा ठेका सर रोज आम्हा पोरांना घेऊन घोटत होते. मला ते एकदा म्हणालेही, “तुमच्याबरोबर बसतो ना, म्हणून रात्रीची साथ जमते.”

एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला सतारमेकर गल्लीत नेलं. एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेला गुंजन आणत होते. तार टेकते ती घोडी हलक्या हाताने घासायची, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायची. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, आणि इतका वेळ मुका वाटणारा षड्ज एकदम बोलायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. गावात जन्म काढून ती गल्ली मी तोवर आतून पाहिली नव्हती.

किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला संगीतसभा होते. सर तिथे दरवर्षी वाजवत, पण त्याआधी आम्हाला घेऊन जाजम अंथरायला जात. “इथं बिदागी नसते, हजेरी असते,” म्हणायचे. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं नावही मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकलं. पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीतविद्यालय काढलं आणि मैफलींची कमाई त्यात ओतली. हे सांगताना सरांचा आवाज भरून यायचा.

मी मात्र मधली काही वर्षं चुकलो. दौरे वाढले, तसे मुलांचे तास मी पुढे ढकलू लागलो. एकदा परगावचा कार्यक्रम ऐन वेळी पत्करला आणि वर्गाला कळवायचं राहिलं. परत आल्यावर समजलं की एक मुलगा बंद दारापाशी दोन तास बसून होता. तो पुन्हा आला नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आता गुरुवार मी कुणालाच देत नाही. आमच्या वस्तीजवळच्या नगरपालिकेच्या शाळेत बारा मुलं येतात; तबल्याच्या जोड्या तीनच, म्हणून बाकीची हातावर टाळी-खाली धरतात. परवा त्यातली एक मुलगी वैतागून म्हणाली, “सर, अजून किती दिवस नुसता ठेकाच?”

मी तिला म्हटलं, “खाली ऐकू आली का गं?”

तिने जरा विचार केला आणि मानेनेच नाही म्हणाली. मग आम्ही पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली.