नशिराबाद ते चांगदेव, पायी

माघ वद्य एकादशीला मुक्ताईच्या यात्रेसाठी खान्देशातून पायी दिंड्या निघतात. आषाढीइतका गाजावाजा नसतो, पण आमच्याकडे हीच घरची वारी. यंदा नशिराबादहून मी एका दिंडीत घुसलो. घुसलोच म्हणायचं, कारण मी माळकरी नाही. बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसतो. मार्चएन्डच्या तोंडावर रजा मिळाली हाच पहिला चमत्कार.

साकेगावला वाघूर ओलांडली आणि दचकलो. पुढच्या रांगेत टाळ वाजवणाऱ्या शेतकऱ्याला दोन महिन्यांपूर्वी मीच थकबाकीची नोटीस धाडली होती. वादळात त्यांची केळी आडवी झाली, हे फाइलीत होतं. हप्ता थकला, हेही होतं. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं. "चला माउली," म्हणाले आणि पाऊल उचललं.

दिंडीत सगळेच माउली. अंगावर येणारा ट्रकवाला माउली, गाडीचा बैलही माउली. खरं सांगतो, मला हे जरा नाटकी वाटायचं.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडेपर्यंत टाचेला फोड आला. नवे बूट घालून वारीला येणारा शहाणा मी एकटाच. वरणगावच्या मुक्कामी एका आजींनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. "दोरा वढू नको रे भाऊ, पानी त्याच्यातूनच झिरपीन." तेवढ्यात पत्रावळीवर वरण-बट्टी आली. मला उठता येईना, म्हणून बट्टी कुस्करून दिली ती त्याच शेतकऱ्यानं.

रात्री कीर्तनात चांगदेवांची गोष्ट निघाली. चौदाशे वर्षांचा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो आणि मायन्यालाच अडतो. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानानं मोठे म्हणून तीर्थरूप? शेवटी कोराच कागद पाठवतो. त्याचं उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी, 65 ओव्या. पुढे चिमुरडी मुक्ताईच त्यांची गुरू झाली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण या वेळी मीही मायन्यालाच अडकलो. आमच्या नोटिशीत ती जागा कधी कोरी नसते; 'कर्जदार श्री.' छापूनच येतं.

मुक्ताईनगरला दर्शनाच्या रांगेत चार तास गेले, त्याबद्दल न बोललेलं बरं. पलीकडे तापीकाठी मेहूणला 1297 साली वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असं सांगतात. मग चांगदेवला गेलो. तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं, लांबवर बदकांचे थवे. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी विचारलं, "यातली पूर्णा कुठली?"

शेतकरी हसले. "मोटारीनं उचललं का केळीला कळते का, माउली?"

संध्याकाळी एसटी स्टँडवर गर्दी पांगली. टाळ पिशवीत गेले. बस लागली तसे ते जवळ आले, टोपी नीट केली.

"साहेब, सोमवारी येऊ का? ते पुनर्गठनाचं..."

मी "या, माउली" म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं फक्त "या."