हलगी घेऊन चियांग माईला

मंगोलियाविरुद्धचा सामना आम्ही पाहिला नाही, ही या प्रवासातली पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. 23 जून 2025 ला महिला आशियाई फुटबॉल करंडकाच्या पात्रता फेरीत भारताच्या मुलींनी थायलंडमधल्या चियांग माईत 13 गोल घातले, त्यातले पाच एकट्या प्यारी खाखाचे, आणि मी त्या वेळी कोल्हापुरात बॅग भरत होते. ‘पात्रता फेरीतला पहिला सामना, त्यात काय बघायचं, शेवटचे तीन पाहू’ हा माझा हिशेब. भाची सोळा वर्षांची, शाळेच्या संघात लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडच्या बचावाला, खेळते. फोनवर स्कोअर पाहून ती म्हणाली, “मावशी, तू तिकीट काढताना माझं ऐकलं असतंस तर!” पुढचा आठवडाभर हे वाक्य मला दिवसातून दोनदा ऐकावं लागलं.

जाण्यामागं एक जुनी खदखद होती. 2022 चा महिला आशियाई करंडक आपल्याच दारात होता: मुंबई, नवी मुंबई आणि पुणे. भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली आणि मग कोरोनाने संघ असा गाठला की चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला तेरा खेळाडूही उरले नाहीत. स्पर्धेतूनच बाहेर. यजमान म्हणून मिळालेली जागा न खेळताच गेली. तेव्हापासून ठरवलं होतं, पुढच्या वेळी या मुली कुठंही खेळल्या तरी जायचं. ते ‘कुठंही’ थायलंडच्या उत्तरेला निघालं.

आधी रचना समजून घ्या, कारण सगळं नियोजन त्यावरच बेततं. आता पात्रता फेरीत प्रत्येक गट एकाच देशात, एकाच शहरात खेळतो. आमच्या ब गटात भारत, थायलंड, मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक. सामन्यांचे दिवस 23, 26, 29 जून आणि 2, 5 जुलै, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी खेळ आणि मधले दोन दिवस मोकळे. संघ पाच, म्हणून प्रत्येकाला एक फेरी विश्रांती. भारताची 26 जूनला होती. आठ गट, आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे. दुसऱ्याला काही नाही. सोडत 27 मार्चला झाली होती, म्हणजे तयारीला जवळपास तीन महिने मिळतात. विमानाचं तिकीट त्याच आठवड्यात काढा. मी मेपर्यंत थांबले आणि दीडपट पैसे मोजले.

त्या स्वस्त-महागाच्या नादात दुसरी चूक झाली. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. आमचं मुंबईचं विमान एकावर उतरलं आणि चियांग माईचं दुसऱ्यावरून सुटणार होतं. मध्ये चार तास होते, कागदावर भरपूर. पहिलं विमानच दोन तास उशिरा आलं, पुढं बँकॉकची वाहतूक. डॉन मुआंगला पोचलो तेव्हा काउंटर बंद झालेला. मग मो चित स्थानकावरून रात्रीची बस धरली, दहा तास. बस उत्तम होती, आपल्या स्लीपरपेक्षा बरी, पण एसी इतका की हलगीवरचं कापड काढून आम्ही पायांवर घेतलं. पुढं जाणाऱ्यांनी दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची घ्यावीत, नाहीतर सरळ बँकॉकहून रात्रीची रेल्वे धरावी. ती बारा-तेरा तासांत सकाळी चियांग माईला सोडते. झोपायच्या बर्थची जागा मात्र आधी राखून ठेवा.

आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागत नव्हता, साठ दिवसांपर्यंत. पण 1 मे 2025 पासून पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन कार्ड भरणं सक्तीचं झालंय. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. निघण्याआधी व्हिसाचा नियम पुन्हा तपासा, हे नियम बदलत असतात. दुसऱ्याचं अल्पवयीन मूल नेत असाल तर आईवडिलांचं संमतीपत्र नोटरी करून घ्या. आम्हाला कुणी विचारलं नाही, पण जवळ होतं म्हणून मी विमानात झोपले.

हलगीचं सांगायचं राहिलं. कोल्हापुरात पेठेचा सामना हलगीशिवाय होत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार हे संघ उतरले की खेळाडूंच्या आधी हलगी सुरू होते. भाचीचा हट्ट, न्यायचीच. विमानात केबिन बॅगेत गेली, क्ष-किरणातून तीनदा फिरली. चियांग माईला जून-जुलै म्हणजे पावसाळा. कातडं दमट होऊन ढिलं पडलं आणि हलगीचा आवाज पुठ्ठ्यासारखा यायला लागला. आपल्याकडं कागद पेटवून ती शेकतात. हॉटेलात पेटवणार काय? शेवटी केस वाळवायच्या मशीनने पंधरा मिनिटं शेकली आणि कातडं कडक झालं. स्टेडियमच्या दारावरच्या रखवालदाराने ती हातात घेतली, दोन बोटं मारून पाहिली, हसला आणि परत दिली.

स्टेडियमचं नाव ‘सातशेवा वर्धापनदिन’ असं आहे. चियांग माई 1296 मध्ये वसलं, आणि 1995 च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी हे मैदान बांधताना शहराला सातशे वर्षं होत होती. जुन्या शहरापासून वायव्येला, कालव्याच्या रस्त्याला आहे. मागं दोई सुथेपचा डोंगर, पावसाआधी ढग त्यावरून खाली सरकताना दिसतात. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळं प्रेक्षक लांब पडतात. खालच्या ओळींचा मोह सोडा, वर बसा. दुर्बीण असेल तर आणा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हातही मोकळे राहतात आणि मागच्याला त्रास नाही.

मुक्कामाला आम्ही जुनं शहर निवडलं, खंदकाच्या आतलं. देखणं आहे, पण सामन्यासाठी चुकीचं. निम्मानहेमिन रस्त्याच्या बाजूला राहिलात तर स्टेडियम जवळ पडतं. जाण्यासाठी लाल सोंगथेव असते, मागं दोन बाकं टाकलेली गाडी. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना एका शब्दात सांगते: वडाप. भाडं आधी ठरवायचं, उतरायचं असेल तेव्हा वरचं बटण दाबायचं, पैसे उतरल्यावर. जाताना सहज मिळते. रात्री सामना संपल्यावर स्टेडियमबाहेर एकही नसते आणि ॲपवरची टॅक्सी वीस मिनिटं दाखवत राहते. पहिल्या रात्री आम्ही हलगी काखेत मारून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. नंतर नेणाऱ्या चालकालाच परतीचं ठरवून टाकलं, थोडे जास्त बाट देऊन. बाट तेव्हा अडीच रुपयांच्या वर होता.

29 जूनला तिमोर-लेस्ते. बसच्या प्रवासाने माझी कंबर गेलेली, त्यात मध्यांतराला फक्त 1-0. मनीषा कल्याणने बाराव्या मिनिटाला एक घातला आणि मग काही केल्या दुसरा होईना. गर्दी बेताची, आणि हे मला फार आवडलं. रिकाम्या स्टेडियममध्ये खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. टीव्हीवर कधीच येत नाही ते. ‘छोड’, ‘मेरा’, ‘पीछे है’, मध्येच मणिपुरीत काहीतरी, आणि बचावफळी पुढं सरकवताना कर्णधार स्वीटी देवीच्या हाका. भाची लेफ्ट बॅक असल्यामुळं तिचं चेंडूकडं लक्षच नव्हतं. चेंडू पलीकडं असताना इकडची मुलगी कुठं उभी राहते, एवढंच ती पाहत होती. 58 व्या मिनिटाला अंजू तमांगचा गोल झाला आणि मी म्हटलं, “झालं, जिंकलो, निघूया का?” तिने माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा बसले. 80 व्या मिनिटाला मनीषाचा दुसरा, 86 व्याला लिंडा कोमचा. 4-0.

त्या शेवटच्या दोन गोलांची किंमत 2 जुलैला कळली. त्या दिवशी इराकवर 5-0, पाच गोल पाच जणींचे: संगीता बासफोर, मनीषा, कार्तिका, निर्मला देवी, रतनबाला देवी. रात्री हॉटेलात भाचीने टिश्यू पेपरवर बेरीज मांडली. तेरा, चार, पाच. बावीस. थायलंडचेही तीन सामन्यांत तीन विजय आणि गोलफरक, म्हणजे घातलेले वजा खाल्लेले गोल, तोही बावीसच! गुण सारखे, गोलफरक सारखा, आणि शेवटचा सामना एकमेकांशी. बरोबरी झाली तर थेट पेनल्टी शूटआउट. तिमोरविरुद्ध 2-0 वर समाधान मानलं असतं तर बरोबरी भारताला पुरली नसती. म्हणून पात्रता फेरीला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: एकतर्फी सामने टाळू नका आणि आठव्या गोलानंतर उठू नका. तिथं नवव्यालाही तेवढीच किंमत असते.

मधल्या दिवसांबद्दल थोडक्यात. दोई सुथेपच्या देवळाला सकाळी लवकर जा, तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. रविवार संध्याकाळचा था पे दरवाज्यापासूनचा बाजार चुकवू नका. खाण्यात खाओ सोई: नारळाच्या दुधातल्या रश्श्यात नूडल्स, वर तळलेल्या नूडल्सचा चुरा, बाजूला लोणच्याची भाजी, कच्चा कांदा, लिंबू. पांढऱ्या रश्श्यात कुणी शेवया घातल्यासारखं, आणि मी हे कौतुकाने म्हणतेय. शाकाहारींनी ‘मांगसाविरात’ हा शब्द पाठ करावा. आपला ‘मांसविरत’च तो, फक्त थाई जिभेवरून फिरून आलेला. त्यात अंडं असू शकतं. अंडं, दूध काहीच नको असेल तर ‘जे’ म्हणायचं; पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ते दुकान ‘जे’चं. ‘भाजीच आहे’ म्हणून मिळालेल्या पदार्थात माशाचा सॉस असतो, हे गृहीत धरा.

5 जुलै, शनिवार. या वेळी गर्दी होती, आणि ती अर्थातच त्यांची. थायलंड म्हणजे 2015 आणि 2019 चे विश्वचषक खेळलेला संघ, जागतिक क्रमवारीत आपल्यापेक्षा वीसहून अधिक पायऱ्या वर. भारताचे म्हणून आम्ही जे काही लोक होतो ते एका कोपऱ्यात गोळा झालो. बंगळूरचे काही, चियांग माईतच काम करणारे दोन मणिपुरी तरुण, आणि आम्ही. हलगी तासभर शेकून आणली होती.

28 व्या मिनिटाला संगीताने गोलसमोरच्या पेनल्टी पेटीबाहेरून चेंडू मारला. बंगालच्या कल्याणीची ही मुलगी, सशस्त्र सीमा बलात नोकरी करते, गुडघ्याच्या दुखापतीने बराच काळ मैदानाबाहेर होती. तो फटका निघाला तेव्हा माझा हात हलगीवर अर्ध्यात थांबला. जाळं हललं आणि अख्खं स्टेडियम गप्प. नऊ-दहा माणसांचा ओरडा किती मोठा वाटतो ते त्या दिवशी कळलं. मध्यांतरानंतर दोनच मिनिटांत थायलंडची बरोबरी. मग त्यांचे ढोल सुरू झाले आणि आमची हलगी कुणाला ऐकू जाईना.

पुढची सत्तावीस मिनिटं मी खेळ कमी आणि आकडे जास्त पाहिले. बरोबरी म्हणजे शूटआउट, शूटआउट म्हणजे गोलरक्षक पंथोई चानूवर सगळं. भाचीने टिश्यू पेपर मुठीत चुरगाळलेला. 74 व्या मिनिटाला कॉर्नर, गर्दीत चेंडू वर आला आणि पुन्हा संगीताच. या वेळी डोक्याने. 2-1. उरलेल्या वेळात थायलंडने काय काय केलं ते मला नीट आठवत नाही, भाची माझा दंड धरून होती एवढं आठवतं. शिट्टी झाली तेव्हा प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्रींकडं सगळ्या मुली धावल्या, काही जणी गवतावरच बसून राहिल्या. पात्रता फेरी खेळून, जिंकून भारत पहिल्यांदाच आशियाई करंडकाला पोचला होता. ऑस्ट्रेलियात, मार्च 2026.

सामना संपल्यावर लगेच निघू नका. खेळाडू प्रेक्षकांकडं येतात, गर्दी कमी असल्यामुळं कुणी ढकलत नाही. आमच्या कोपऱ्यापर्यंतही त्या आल्या. कुणाचा तरी झेंडा मागून घेतला. एकीने हलगीकडं बोट दाखवून हिंदीत विचारलं, “दीदी, ये क्या है?” भाचीला काय बोलावं सुचेना. तिने नुसती वाजवून दाखवली, तीही चुकीच्या ठेक्यात.

परतीचं ठरवलेलं वडाप दाराशी उभं होतं. चालकाने निकाल ऐकला होता, चेहरा पडलेला. आम्ही मागच्या बाकावर गुपचूप बसलो, हलगी मांडीवर उलटी ठेवून. खंदकाजवळ उतरताना पैसे दिले तेव्हा त्याने बोटांनी दोन आणि एक करून दाखवलं, मान हलवली आणि ठरलेल्यापेक्षा वीस बाट परत केले. का, ते त्याच्या थाईतून कळलं नाही. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता आणि भाची विचारत होती, पर्थला किती तास लागतात.