बेदाण्याचे पडदे आणि इन्सॅटची चित्रं

आमचं बेदाण्याचं शेड पंढरपूर तालुक्यात, कासेगावला. मी राहते सोलापुरात, जुळे सोलापूरला, आणि शेडचा हिशेब बघते. थॉम्पसन द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, रॅकच्या जाळीवर पसरायचे, की पुढचे दोन आठवडे सगळी भिस्त वाऱ्यावर. वारा खेळावा म्हणून शेडच्या बाजू उघड्या असतात. अवकाळी आला की पडदे सोडायचे. भिजलेला माल काळवंडतो, मग सौद्यात त्याला कोण विचारतंय?

पण दुसराही एक खर्च असतो, आणि तो हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही. पाऊस न येताच सोडलेले पडदे! आत दमट कोंडतं, वाळवण लांबतं, मजूर नुसते बसून राहतात. मार्चमध्ये आभाळ काय, कधीही येतं. शेड माझे धाकटे दीर सांभाळतात. त्यांचा फोन यायचा, "वहिनी, सोलापूर जिल्ह्यात पाऊस सांगितलाय. पडदे सोडू का?" अहो, पण जिल्हा केवढा! अक्कलकोटला पडला तरी सोलापूर जिल्हा, करमाळ्याला पडला तरी सोलापूर जिल्हाच. म्हणून मी हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅटची, म्हणजे आपल्या हवामान उपग्रहांची, चित्रं बघायला लागले.

पहिली अडचण वेळेची. चित्रावर 0900 लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं सकाळचे नऊ. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; त्यात साडेपाच तास मिळवायचे. 0900 म्हणजे आपले दुपारचे अडीच. शिवाय चित्र काढल्यापासून साइटवर दिसेपर्यंत काही वेळ जातोच, तेवढ्यात ढग पुढे गेलेला असतो.

दुसरी अडचण चित्रांच्या प्रकारांची, आणि माझा खरा वेळ इथेच गेला. व्हिजिबल म्हणजे उन्हात दिसणारं चित्र, आपण डोळ्यांनी बघतो तसं. रात्री ते काळं ठिक्कर. इन्फ्रारेडमध्ये ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं, ते दिवसरात्र चालतं. माथा जितका उंच तितका थंड, आणि साध्या इन्फ्रारेड चित्रात तितका पांढरा. मग पांढरं म्हणजे पाऊस का? नाही, आणि गोची इथेच आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, आणि त्यांच्याबरोबर अरबी समुद्रावरून उंच, पातळ ढगांचे पट्टे येतात. नुसत्या बर्फकणांचे ढग ते. इन्फ्रारेडमध्ये पांढरे दिसतात आणि शेडवरच्या माणसालाही आभाळ भरल्यासारखं वाटतं. पडत मात्र थेंबही नाही. तेच व्हिजिबलमध्ये पाहिलं तर विरळ जाळीसारखे, खालची जमीन दिसते. याउलट वळवाचा ढग दोन्ही चित्रांत ठळक पांढरा, कडा कापल्यासारख्या, आणि पुढच्या चित्रात आणखी फुगलेला. माथा उणे 60 अंशांच्या खाली गेला की मी खुर्ची सोडून उभी राहते.

एकच चित्र बघून काही कळत नाही, हे माझं ठाम मत. ओळीने चार-पाच लावली तरच ढग कुठे चाललाय ते समजतं. हवामान खात्यातही ढगांच्या सरकण्यावरून वरच्या वाऱ्यांचा वेग आणि दिशा काढतात. मी तेच डोळ्यांनी, कच्चं-पक्कं करते. आमच्याकडे येणारे ढग पुष्कळदा पश्चिमेला माण-आटपाडीकडे दुपारी उठतात. ते सांगोल्याकडे सरकले की पडद्यांची तयारी, उत्तरेला माढ्याच्या बाजूला वळले की निवांत. हवामान खात्याच्या पत्रकात विदर्भापासून केरळपर्यंत द्रोणीय रेषा, म्हणजे वळवाला पोषक असा कमी दाबाचा लांबट पट्टा, असल्याचा उल्लेख असला, की त्या दिवशी मी जेवतानाही फोन बाजूला ठेवत नाही.

हे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या वर, आपल्याला एका जागी स्थिर दिसतात. म्हणून तर एकाच भागाची चित्रं दर अर्ध्या तासाला मिळतात, आणि दोन उपग्रहांच्या वेळा आलटूनपालटून ठेवल्या तर पंधरा मिनिटांनी. इन्सॅट-3डी 2013 मध्ये अवकाशात गेला, 3डीआर 2016 मध्ये, आणि 3डीएस 17 फेब्रुवारी 2024 ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ14 ने. त्या संध्याकाळी मी उड्डाण मोबाइलवर पाहिलं; घरात बाकी कुणाला त्याचं काही नव्हतं. त्याआधीचा मेटसॅट 2002 चा, त्यालाच पुढे कल्पना चावला यांचं नाव देऊन कल्पना-1 केलं. चित्रं घेणं हे 3डी मालिकेतल्या उपग्रहांचं एकच काम नव्हे. साउंडर नावाचं 19 चॅनेलचं उपकरण हवेच्या थराथरातलं तापमान आणि बाष्प मोजतं, आणि गावोगावच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदीही या उपग्रहांमार्फत पुढे जातात.

मर्यादाही सांगते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही रंगीत चित्र टाकून "आज गारपीट पक्की" लिहितो. इन्फ्रारेडचा एक ठिपका म्हणजे साधारण 4 किलोमीटर. तेवढ्यात आमचं अख्खं गाव मावेल. त्यात उपग्रह दक्षिणेकडून तिरपं बघतो, त्यामुळे 15 किलोमीटर उंचीचा माथा नकाशावर पाचेक किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. म्हणजे ढग "गावावर" दिसला, तर मुळात तो गावाच्या दक्षिणेला असू शकतो. शेवटच्या तासाभरासाठी म्हणून मी रडार बघते, आणि विजेसाठी दामिनी ॲप. ते जमिनीवरच्या सेन्सरवर चालतं आणि 20 व 40 किलोमीटरच्या वर्तुळात वीज दाखवतं. सोलापूरकरांना रडार नवं नाही. 2018-19 मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने इथे ढगांत क्षाराचे कण सोडण्याचा प्रयोग केला, तेव्हा चहाच्या टपरीवरही रडारचीच चर्चा.

सुरुवातीला माझ्या निरोपावर भाऊजींचा विश्वास नव्हता. मामंजींचा आजही अर्धाच आहे. "वर बसून त्याला आमच्या शेडचं काय कळणार?" असं ते म्हणतात, आणि 4 किलोमीटरच्या ठिपक्याचं गणित पाहता त्यात तथ्य आहे. गेल्या हंगामात एका दुपारी आभाळ असं भरून आलं, की शेजारच्या शेडवर पडदे सोडायची धावपळ सुरू झाली. व्हिजिबलमध्ये खालचा उजनीचा जलाशय स्वच्छ दिसत होता. मी कळवलं, पडदे वरच ठेवा. संध्याकाळपर्यंत भाऊजींनी माझा फोन काही मोकळा सोडला नाही. पाऊस आला नाही, आणि तो लॉट वेळेत रॅकवरून उतरला.

शेडवर रेंज कमी, चित्रं उघडत नाहीत. म्हणून आता मी चित्र पाठवतच नाही, साधा एसेमेस करते: "आटपाडीवर मोठा, इकडे सरकतोय, दोन तास." यंदा भाऊजींचं उत्तर येतं, "माथा उणे किती?"